टर्बो गाडी दुपारच्या रनला सुस्त का पडते? सोलापूरच्या उन्हात सापडलेलं उत्तर

ऑटोक्रॉसच्या सरावात सकाळी नऊच्या रनला (घड्याळ लावून मारलेल्या फेरीला) गाडी दुसऱ्या गियरमध्ये अशी उसळते की पुढची चाकं जागच्या जागी घासतात. तीच गाडी, तोच चालक, तेच टायर. दुपारी एक वाजता चौथ्या रनला सुटते तेव्हा मागे उसाची ट्रॉली जोडल्यासारखी वाटते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, धक्के बसत नाहीत, आवाज बदलत नाही, तापमानाचा काटा मधोमध असतो. नुसता दम गेलेला असतो. संध्याकाळी घरी आणेपर्यंत गाडी पुन्हा ठणठणीत!

हा दोष मी दोन वर्षं सोसला. दर वेळी गेला असं वाटायचं आणि मार्च उजाडला की परत यायचा. या काळात जे पैसे गेले त्यातले निम्म्याहून जास्त उगाच गेले. ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी १.४ लिटर टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), पाच गियर, पुढची चाकं ओढणारी, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दोष त्या मॉडेलचा नव्हताच, त्यामुळे नावाला महत्त्व नाही. ऑटोक्रॉस म्हणजे काय ते नव्या मंडळींसाठी दोन ओळींत सांगतो. मोकळ्या बंदिस्त जागेत कोन (रस्त्यावर ठेवतात तसे शंकू) मांडून वळणावळणाचा मार्ग आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, स्पर्धा घड्याळाशी. अमेरिकेत एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) ही संस्था हे ‘सोलो’ नावाने चालवते, कोन पाडला की २ सेकंद दंड, आणि त्यांची राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्का राज्यात लिंकनला भरते. आपल्याकडे एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांखाली होतं, ते बहुतेक मातीवर. आमचा सराव मात्र काँक्रीटवर चालतो: एमआयडीसीत ट्रक लावायचं एक कुंपण घातलेलं यार्ड आहे, मालकाची लेखी परवानगी घेऊन रविवारी आम्ही तिथे जमतो. मार्ग पाऊण मिनिटाचा. दिवसाला पाच, फार तर सहा रन.

आता हिशोब करा. पाऊण मिनिटाचे सहा रन म्हणजे साडेचार मिनिटं. सकाळी आठ ते दुपारी तीनपर्यंत गाडी साडेचार मिनिटं पळते आणि उरलेला सगळा वेळ उन्हात उभी असते. या हिशोबाकडे मी दोन वर्षं पाहिलंच नाही. गाडी पळताना तापते असं धरून सगळे उपाय करत राहिलो.

आधी काय काय करून पाहिलं

पहिल्यांदा दम गेला तेव्हा गॅरेजला नेली. मिस्त्री जुने, हात चांगला, नियत त्याहून चांगली. त्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, “मालक, गाडी तर झकास पळतीया की. कुठं काय झालंय?” ते खरंच बोलत होते. गॅरेजपर्यंत येताना गाडीला वारा मिळाला होता, दोष निघून गेला होता. तरी मी हट्ट धरला म्हणून प्लग बदलले, एक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) बदलली. महिना डिसेंबरचा. पुढचे दोन सराव गाडी सुरेख पळाली आणि मी प्रश्न संपला असं समजलो.

प्लगमुळे काही झालं नव्हतं. थंडीमुळे झालं होतं. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापूरची सकाळ अशी असते की टर्बो गाडीला तिच्यासारखं हवामान नाही. मार्चमध्ये दुपार चाळिशीकडे सरकली आणि दोष जसाच्या तसा हजर झाला. हा दोष ‘पुन्हा पुन्हा येणारा’ वाटतो त्याचं मूळ इथे आहे: तो जातच नाही, हिवाळ्यात दडून बसतो, आणि हिवाळ्यात केलेल्या कोणत्याही कामाला फुकटचं श्रेय मिळतं.

मग इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर संशय गेला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून हवेचा उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवला, ‘इंजिनाला मोकळी हवा मिळते’ म्हणून. त्याने दोष जास्तच वाढला. का, ते पुढे येईल.

लक्षणावरून आधी फरक करा

पैसे काढण्याआधी सीटवर बसून जे जाणवतं ते नीट शब्दांत लिहून काढा. ‘पॉवर कमी’ हे पुरेसं नाही. पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) गाडी हिसके देत असेल, अडखळत असेल, तर तो बहुतेक ठिणगीचा प्रश्न: प्लगची फट वाढली आहे किंवा कॉइल कमजोर झाली आहे. दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून हलक्या पायाने चालवताना हा दोष दिसत नाही. सुईईई किंवा फस्स असा आवाज नव्याने येऊ लागला आणि गाडी बूस्ट धरायला उशीर करू लागली, तर हवा कुठेतरी गळते आहे. दम एकदम, बटण बंद केल्यासारखा गेला, दिवा लागला आणि किल्ली फिरवून पुन्हा चालू केल्यावर परत आला, तर ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) स्वतःहून गाडी सुरक्षित मोडमध्ये टाकली आहे. तिथे वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) आणि तिला चालवणारा बूस्टचा सोलेनॉइड पाहावा लागतो. फक्त एका बाजूच्या लांब वळणावर इंजिन क्षणभर उपाशी पडल्यासारखं झालं तर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आहे. अर्धी टाकी ठेवा, तो विषय तिथे संपतो.

आणि दम गुळगुळीतपणे, सगळ्या आरपीएमवर थोडा थोडा, कसलीही तक्रार न करता कमी झाला असेल, तर उष्णता. माझं लक्षण हे होतं. मिस्त्रींना सांगताना मात्र मी ‘पिकअप नाही’ एवढंच म्हणालो होतो. त्या दोन शब्दांवरून कोणीही प्लगच बदलले असते.

लॉग घ्या, अंदाज नको

स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायची जागा) असतो. त्यात बसणारं ईएलएम ३२७ जातीचं ब्लूटूथ डोंगल आणि फोनवर आकडे नोंदवणारं एक लॉगिंग अॅप, एवढ्यावर काम भागतं. एकच काळजी घ्या: ही डोंगल सावकाश वाचतात. दहा-बारा गोष्टी निवडल्या तर प्रत्येकीचं वाचन इतकं विरळ होतं की पाऊण मिनिटाच्या रनमध्ये काही हाती लागत नाही. पाचच घ्या: इनटेक (इंजिनात जाणाऱ्या) हवेचं तापमान, मॅनिफोल्डचा (इंजिनाच्या तोंडाशी हवेचा) दाब, इग्निशन टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते ते), आरपीएम आणि थ्रॉटल. कूलंटचं तापमान रनच्या आधी आणि नंतर वेगळं पाहून घ्या.

सेन्सर खरं बोलतो का हे तपासायची सोपी युक्ती आहे. किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवा आणि मॅनिफोल्डचा दाब वाचा. तो बाहेरच्या हवेइतकाच दिसला पाहिजे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, म्हणून इथे ९५-९६ किलोपास्कल येतो. मुंबईत किनाऱ्यावर १०१ च्या आसपास येईल. आपल्याकडे १०१ किंवा ८८ दिसला तर आधी सेन्सर बघा.

एप्रिलमधल्या एका रविवारचे माझे आकडे देतो. सकाळी ९.२० चा पहिला रन, बाहेर ३१ अंश. इनटेक हवा स्टार्टवर ४१, शेवटी ४७. दाब १७६ किलोपास्कल. चार हजार आरपीएमवर पूर्ण थ्रॉटलला टायमिंग १३ अंश. वेळ ४६.९ सेकंद. दुपारी १.१० चा चौथा रन, बाहेर ४१ अंश. इनटेक हवा स्टार्टवर ७४. दाब १७४. टायमिंग ६ अंश. वेळ ४८.३.

दाब जवळपास तेवढाच, म्हणजे टर्बो आपलं काम चोख करत होता आणि गळती नव्हती. टायमिंग मात्र निम्म्याहून खाली. गरम हवेत पेट्रोल आपोआप पेटून नॉक (इंजिनाला घातक ठोका) होण्याचा धोका असतो, म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. तो इंजिन वाचवत होता आणि मी त्याला दोष म्हणत होतो.

पण मला खरा झटका दिला तो चौथ्या रनच्या शेवटच्या आकड्याने. स्टार्टवर ७४ असलेलं तापमान दहा सेकंदांनी ६९ झालं आणि फिनिशला ६१. म्हणजे पूर्ण जोरात पळताना हवा *थंड* होत गेली होती! मी पुन्हा पुन्हा तो आलेख पाहिला. पळताना तापणाऱ्या गाडीचा आलेख वर चढायला हवा. हा उतरत होता. गाडी तापली होती ती रांगेत.

इथे एक सावधगिरी सांगतो. इंजिन बंद करून उभ्या गाडीत सेन्सर स्वतःसुद्धा तापतो, म्हणून पहिल्या काही सेकंदांचा आकडा थोडा फुगलेला असतो. माझीही तीच शंका होती. म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेला मल्टिमीटर घेतला आणि त्याची तार इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) हवा बाहेर जाणाऱ्या टोकाला चिकटवली. लेझरवाली तापमान-बंदूक वापरत असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खोटं बोलते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून त्यावर रोखा. रांगेत वीस मिनिटं उभ्या गाडीचा इंटरकूलर ६६ अंशांवर होता. ज्या भांड्याने हवा थंड करायची तेच भांडं चुलीवर ठेवल्यासारखं!

आत नेमकं काय घडतं

हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं टोक पंक्चरवाल्याकडे ज्यांनी हाताने धरलं आहे त्यांना हे माहीत आहे. बाहेर ४० अंश आणि टर्बोचा दाब बाहेरच्या हवेच्या वर ०.८ बार धरला, टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा साधारण १२५ अंशांवर जाते. चांगला वारा लागलेला इंटरकूलर तिला ६५ च्या आसपास आणतो. २५ अंशांच्या सकाळी हाच आकडा ५० च्या जरा खाली येतो. एवढ्या फरकाने हवेची घनता ५ टक्के घटते आणि त्यावर टायमिंगचा तोटा वेगळा. म्हणजे आपल्या उन्हात मुळातच फार शिल्लक उरत नाही. त्यात इंटरकूलर आधीच तापून बसला असेल तर ईसीयूकडे मागे सरकण्याशिवाय मार्ग नसतो.

म्हणून पेट्रोलचा प्रश्नही इथेच उरकतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, कमी ऑक्टेनपेक्षा टायमिंग कमी मागे जातं. फरक पडतो, पण मूळ दोष त्याने जात नाही.

दुसऱ्या वेळी कारण वेगळं निघालं

उष्णतेचा शोध लागल्यावर मी निवांत झालो आणि पुढच्याच महिन्यात दुपारी पुन्हा तोच अनुभव आला. या वेळी लॉगमध्ये टायमिंग ठीक होतं, पण दाब सकाळी १७६ आणि दुपारी १५४. तेच लक्षण, कारण दुसरं. लॉग नसता तर मी इंटरकूलरच्याच मागे लागलो असतो.

गळती शोधायचं साधन सोलापुरात कुठेही बनतं. शेतीच्या पाइपांच्या दुकानातून ६३ मिलिमीटर पाइपचं पीव्हीसी एंड कॅप आणलं, मध्ये भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला, आणि टर्बोच्या हवा आत घेणाऱ्या तोंडावर रबरी होसच्या तुकड्याने जोडलं. तुमच्या पाइपचा व्यास आधी मोजा. मग कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरायची. रेग्युलेटर लावूनच, आणि ०.७ बारच्या वर कधीही जायचं नाही. कॅप सुटली तर गोळीसारखी उडते, म्हणून तिच्या समोर उभं राहू नका. फवाऱ्यात साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक सांध्यावर मारायचं.

गार गाडीवर एकही बुडबुडा आला नाही. पुन्हा तेच! गार गाडी निर्दोष. मग गाडी तासभर चालवून, बॉनेट बंद ठेवून, हाताला चटका बसेल अशा अवस्थेत चाचणी घेतली. इंटरकूलरहून थ्रॉटलकडे जाणाऱ्या होसच्या खालच्या अंगाला, जिथे नजर जात नाही आणि फक्त बोट पोचतं, तिथे बारीक फेस येऊ लागला. होस क्लिप घट्ट होती, पण तिच्याखालचं रबर म्हातारं होऊन कडक झालं होतं. तापल्यावर पाइप आणि रबर वेगवेगळे फुगत आणि सांध्यात फट पडत असे. कापड गुंफलेला नवा सिलिकॉन होस आणि टी-बोल्टची क्लिप बसवली. क्लिप पाइपच्या टोकावरच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसली पाहिजे. उंचवट्यावर बसली तर पहिल्याच रनला निसटेल.

तेव्हापासून माझा नियम आहे: गळतीची चाचणी गरम गाडीवर. हातमोजे घाला, वेळ लागतो, पण गार गाडीवरची चाचणी या दोषासाठी कामाची नाही.

उभ्या गाडीसाठी केलेली तयारी

सगळ्यात आधी तो उघडा कोन फिल्टर काढला आणि कंपनीचा बंद डबा परत बसवला. कंपनीचा डबा ग्रिलजवळून बाहेरची हवा घेतो. उघडा फिल्टर बॉनेटखालची हवा ओढतो आणि रांगेत उभ्या गाडीत ती हवा सत्तरीला टेकलेली असते. फिल्टरचा आवाज मला फार आवडत होता. तरी काढला. आवाजासाठी सेकंद देणं पटत नाही.

दुसरं कारण मी स्वतः रोज निर्माण करत होतो: रांगेत एसी. एक्केचाळीस अंशांत हेल्मेट घालून बसायचं म्हणजे एसी हवाच असं वाटतं. पण बऱ्याच गाड्यांत एसीचा कंडेन्सर इंटरकूलरच्या पुढे किंवा लगत असतो. एसी केबिनमधली उष्णता काढून तिथे टाकतो आणि पंखा ती गरम हवा मागे ओढतो. मी स्वतः गार बसून इंटरकूलर भाजत होतो. आता रांगेत इंजिन बंद, खिडक्या उघड्या, डोक्यावर ओला पंचा, आणि हेल्मेट फक्त पुढची गाडी सुटल्यावर.

तिसरी गोष्ट सापडली ती बंपर उतरवल्यावर. ग्रिलमधून येणारी हवा इंटरकूलरच्या जाळीतून जावी म्हणून दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे असतात. मागे एकदा बंपरचं काम झालं तेव्हा त्यातला एक परत बसवला गेलाच नव्हता. हवा आळशी असते. जाळीतून घुसण्यापेक्षा बाजूच्या मोकळ्या फटीतून निघून जाणं तिला सोपं. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून पातळ अॅल्युमिनियमचा पडदा कापून घेतला, आणि उरलेल्या फटी सीट कव्हरवाल्याकडच्या जाड फोमच्या पट्ट्यांनी बुजवल्या. काम अगदी स्वस्तातलं आणि पळताना सर्वांत जास्त फरकही यानेच पडला. तुमच्या गाडीचा बंपर कधी उघडला गेला असेल तर आजच टॉर्च घेऊन वाकून पाहा.

चौथं, वारा. जुन्या बाजारातून एका लहान गाडीचा रेडिएटरचा पंखा आणला आणि इंटरकूलरसमोर धरता येईल असा चौकटीत बसवला. तो बारा व्होल्टवर १०-१२ अँपिअर घेतो, म्हणून रिले आणि फ्यूजशिवाय जोडू नका. दहा मिनिटांना दोन अँपिअर-तास, बॅटरीला जड नाही.

आणि पाचवं, पाणी. ही युक्ती परदेशात जुनी आहे. तिकडे एकच गाडी दोन चालक वाटून घेतात, गाडीला विश्रांतीच मिळत नाही, म्हणून रांगेत हातपंपाचे फवारे घेऊन माणसं उभी असतात. पण आपल्या कोरड्या उन्हात पाणी तिकडच्या दमट शहरांपेक्षा जास्त कामाचं आहे. एप्रिलच्या दुपारी ४० अंश आणि हवेतला ओलावा २० टक्के असेल, तर ओल्या वस्तूचं तापमान वाऱ्यात २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरातला माठ यावरच चालतो. एक ग्रॅम पाणी वाफ होताना दोन हजार ज्यूलहून जास्त उष्णता घेऊन जातं. पंखा चालू ठेवून जाळीवर बारीक फवारा मारला की मल्टिमीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. ६४ वरून ४० वर यायला माझ्या गाडीला तीन मिनिटंही लागत नाहीत.

यात तीन गोष्टी सांभाळा. बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या क्षारांचा पांढरा थर जाळीच्या पापुद्र्यांवर बसतो आणि तो निघता निघत नाही. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. फवारणीचा पंप नवा घ्या. डाळिंबावर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी त्याची वाफ तुमच्या तोंडाशी येणार. आणि स्टार्टच्या रेषेजवळ फवारू नका. खाली पडलेलं पाणी तुमच्याच टायरखाली येतं आणि पुढच्या गाडीला धोका होतो. काही ठिकाणी ग्रिडवर (गाड्यांच्या रांगेच्या जागी) पाणी सांडायला मनाई असते, आयोजकांना आधी विचारा.

मोठा इंटरकूलर शेवटी. तो बसवण्याआधी वरचं सगळं झालेलं असू द्या. घ्यायचाच तर वजनदार, बार-प्लेट बांधणीचा घ्या. जास्त धातू म्हणजे तापायला जास्त वेळ, आणि पाऊण मिनिटाच्या रनला तेवढं पुरतं. मात्र एकदा तापला की थंड व्हायलाही तो वेळ लावतो, म्हणून फवारा सुटत नाही. मी अजून घेतलेला नाही.

रन संपल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. एक मिनिट इंजिन संथ चालू द्या म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल फिरत राहील आणि तिथे जळून कोळसा होणार नाही. मग बंद करा, बॉनेट पूर्ण उघडा, सावली असेल तिकडे तोंड करून उभी करा. पुढच्या रनच्या एक-दीड मिनिट आधी सुरू करा.

बाकीचं थोडक्यात

रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी भरायची सवय आपल्याकडे खूप आहे. क्षार आत साठतात, नळ्या अरुंद होतात आणि मग इंटरकूलरमागून येणारी उष्णताही वाढते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका.

टायरचा दाब प्रत्येक रनआधी मोजा. १० अंश वाढले की दीड पीएसआय वाढतो, त्यामुळे सकाळी बसवलेला दाब दुपारी तुमचा नसतो. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढा. रन झाल्यावर ती कुठपर्यंत पुसली गेली यावरून दाब कमी-जास्त करा. ब्रेक ऑइल ताजं, डॉट ४ प्रतीचं. बॅटरी घट्ट बांधलेली, डिकी आणि सीटखाली काही सुटं नाही.

या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी, बाहेर ४२ अंश असताना, पुन्हा तोच मार्ग मांडला. चौथा रन, दुपारी १.२५. इनटेक हवा स्टार्टवर ५२, फिनिशला ५५. दाब १७५. टायमिंग ११. वेळ ४७.२. सकाळच्या रनपेक्षा तीन दशांश सेकंद मागे. मिस्त्री त्या दिवशी मुद्दाम यार्डात आले होते, फवाऱ्याचा पंप त्यांच्याच हातात होता. रन संपल्यावर त्यांनी इंटरकूलरच्या टोकावर बोट टेकवलं, टेकवून ठेवलं, आणि म्हणाले, “आता हात ठेवता येतोय की, मालक.” पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे येणाऱ्या आणखी एका टर्बो गाडीचा बंपर आम्ही उतरवणार आहोत. तिचाही डावा पडदा जागेवर नाही.